जुन्या गुहेत नवी माणसं : होतकरू डीएमसाठी मार्गदर्शिका

ज्या होतकरू माणसाला मित्रमंडळींनी एकमताने डीएम नेमलं आहे, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. एकमताने म्हणजे, निवड झाली तेव्हा तो खाली पार्किंग शोधत होता.

डीएम म्हणजे डंजन मास्टर. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि उरलेलं अख्खं जग एकट्या डीएमच्या अंगावर पडतं. राक्षस त्याचे, राजे त्याचे, पाऊस त्याचा, खानावळीचा मालक त्याचा आणि त्या मालकाचा खोकलाही त्यानेच काढायचा. हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाजारात आला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. आपल्याकडे बऱ्याच जणांना तो 2016 नंतर कळला, 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून फासे टाकताना दिसली तेव्हा.

नव्या डीएमला आधी स्वतःचं जग रचायची हुक्की येते. सात राजघराणी, दोन चंद्र, एक मृत भाषा. तीन आठवड्यांनी खेळाडू शनिवार नक्की करून मोकळे होतात आणि जगात तोवर फक्त एक नदी वाहत असते. मग कुणी जुना जाणता सांगतो, "अरे, एखादं जुनं मॉड्यूल घे की." मॉड्यूल म्हणजे तयार साहसाची पुस्तिका : नकाशा, खोल्या, खोल्यांत कोण बसलंय आणि कशावर बसलंय याची नोंद. सल्ला शंभर नंबरी आहे. फक्त तो देणारा पुढचं काही न सांगता निघून जातो. पुढचं खाली दिलं आहे.

साहित्य

जुनं मॉड्यूल एक. फासे (वीस पैलूंचा दोन तरी, एक सोफ्याखाली जातोच). पेन्सिल. नव्या आवृत्तीची नियमपुस्तकं. खेळाडू चार ते पाच. मूळ पुस्तिकेवर सहा ते नऊ लिहिलं असेल तर दचकू नये. त्या काळी अमेरिकेतल्या गावाकडे हिवाळ्यात करण्यासारखं दुसरं फारसं काही नसावं.

पायरी पहिली : वस्तू हातात घेणं

शक्य असेल तर मूळ छापील प्रत एकदा तरी कुणाकडे बघून घ्यावी. तिचं वरचं कव्हर पुस्तिकेला जोडलेलंच नसतं, नुसतं गुंडाळलेलं असतं. ते काढून टेबलावर उभं करायचं, आतल्या बाजूला नकाशा, म्हणजे खेळाडूंना बाहेरचं चित्र दिसतं आणि डीएमला गुहा. नकाशा फिक्या निळ्या शाईत छापलेला असतो. हे सौंदर्यासाठी नाही. त्या काळच्या झेरॉक्स यंत्राला तो निळा रंग दिसायचा नाही, तेव्हा कुणी नकाशाची प्रत काढायला गेलंच तर कोरा कागद हाती यावा, अशी योजना होती. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याने त्यावर अर्ध्या तासात तोड काढली असती, पण त्याला कुणी विचारलं नाही.

हल्ली या पुस्तिकांच्या पीडीएफ रीतसर विकत मिळतात, तेव्हा चोरटी प्रत शोधण्यात तेवढाच वेळ घालवू नये. स्कॅन केलेला निळा नकाशा फोनवर कसा दिसतो याबद्दल न बोललेलं बरं. सरळ चौकटीचा कागद घ्यावा आणि नकाशा हाताने उतरवावा. उतरवताना कळतं की कुठलं दार कुठे उघडतं. वाचताना ते कळत नाही.

पायरी दुसरी : वाचणं, आणि गोष्ट कुठे आहे हे शोधणं

सरावासाठी 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्यावं. गायगॅक्सने लिहिलेलं हे मॉड्यूल 1980 च्या आसपास नवशिक्यांच्या खोक्यात घालूनच विकलं जायचं. त्यामुळे त्या पिढीतल्या असंख्य मुलांनी आयुष्यातला पहिला गॉब्लिन याच गुहेत मारला.

पहिल्या वाचनात गोष्ट सापडणार नाही. दुसऱ्यातही नाही. घाबरू नये, ती तिथे नाहीच. सरहद्दीवर एक गढी आहे. गढीपासून काही अंतरावर एक घळ आहे. घळीच्या दोन्ही बाजूंना गुहा आहेत. बस्स. राजकन्या पळवलेली नाही, भविष्यवाणी झालेली नाही, कुणाच्या खांद्यावर चंद्रकोरीच्या आकाराची जन्मखूण नाही.

गढीत किल्लेदार आहे, पहाऱ्याचा नायक आहे, सावकार, लोहार, खानावळवाला, देवळातला पुजारी, सगळे आहेत. एकालाही नाव नाही. नव्या डीएमला हे लेखकाचं आळसाचं काम वाटतं. पण याच लेखकाने कुणाच्या घरात कुठे किती नाणी दडवली आहेत ते मात्र निगुतीने नोंदवून ठेवलंय. म्हणजे खेळाडू या लोकांची नावं विचारतील की नाही याची त्याला खात्री नव्हती, ते त्यांना लुटायला निघतील याची होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खेळाडूंच्या स्वभावात बदल झाल्याचं आढळलेलं नाही.

आता गुहांकडे. एकीत कोबोल्ड, दोनींत ऑर्क, मग गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर, नॉल, एका गुहेत एकटा ओगर, एका भुलभुलैयात मिनोटॉर आणि सगळ्यात वर दुष्ट पुजाऱ्यांचं देऊळ. एवढे सगळे एका घळीत राहतात, हे वाचून शिकलेला माणूस विचारतो, हे खातात काय? हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्यापेक्षा डीएमसाठी दिलेली ती छोटी टीप वाचावी : गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन एका बाजूला, नॉल दुसऱ्या बाजूला, कायम मारामारी, ऑर्क कधी इकडे, कधी तिकडे, बगबेअर एकटा-दुकटा कुणी सापडला तर गट्टम करणारे, आणि कोबोल्ड बिचारे आपला सगळ्यांना विसर पडावा एवढ्याच आशेवर जगणारे. कुठल्याही हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागू नये.

आणि ते पोतं. गॉब्लिनांच्या गुहेवर हल्ला झाला की ते एक विशिष्ट आरोळी ठोकतात, आणि 250 सोन्याच्या नाण्यांचं पोतं चोरदारातून शेजारच्या ओगरकडे फेकतात. पोतं मिळालं की ओगर उठून त्यांच्या बाजूने लढायला येतो. सगळा मजकूर मिळून चार ओळी. पण त्या चार ओळींत भाव ठरलेला आहे, शेजारधर्म आहे, भीती आहे, आणि एक फट आहे : ओगरला कुणी 300 दिले तर? मॉड्यूलमध्ये गोष्ट शोधायची ती अशा जागी. ओळीखाली पेन्सिलने रेघ मारावी, पुढे काही लिहू नये. ते खेळाडूंचं काम आहे.

त्या आरोळीचीही एक गंमत आहे. गढीत ऐकायला मिळणाऱ्या अफवांची एक यादी दिलेली असते. काही खऱ्या, काही खोट्या, फासा टाकून वाटायच्या. त्यातली एक अफवा सांगते की ही आरोळी म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत "आम्ही शरण आलो". अफवा खोटी आहे. खरा अर्थ "धावा रे, मारामारी!" एवढाच. तुमच्या गटातला सगळ्यात मवाळ खेळाडू जेव्हा शांततेच्या आशेने अंधारात ती आरोळी मोठ्याने देईल, तेव्हा चेहरा कोरा ठेवावा.

पायरी तिसरी : आकडे

या पायरीला लोक सर्वांत जास्त वेळ देतात. इतका देऊ नये. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितका माणूस सुरक्षित, अशी उलटी गंगा होती; 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती सुलटी केली. जुना खेळ बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अशा दोन रूपांत होता; बेसिकच्या पुस्तिकेतला आकडा 19 मधून वजा करावा, ॲडव्हान्स्डमधला 20 मधून. झालं. राक्षसांचे बाकी आकडे नव्या पुस्तकातून उचलावेत. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात ओगरला 59 हिट पॉइंट (सोसता येणारे घाव) असतात आणि ते पहिल्या पातळीच्या चौघांना पुरून उरतात. ओगरपुढे हे चौघे उभे राहिले तर पळण्याची वाट कुठे आहे, एवढं आधी ठरवून ठेवावं.

यासाठी एक्सेलची शीट बनवणारे डीएम असतात. रंगीत असते, सूत्रं असतात. त्यांना बनवू द्यावी. तेवढ्या वेळात ते दुसरं काही बिघडवत नाहीत.

पायरी चौथी : पगार कशाचा मिळतो

खरं रूपांतर इथे आहे आणि बहुतेक मार्गदर्शिकांत ते सापडत नाही, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

जुन्या खेळात पात्र वरच्या पातळीवर जायचं ते अनुभवाच्या गुणांवर, आणि हे गुण मुख्यतः सोन्याचे मिळायचे. सुखरूप बाहेर आणलेल्या दर नाण्याला एक गुण. बेसिकच्या हिशेबात गॉब्लिन मारला तर 5 गुण. योद्ध्याला दुसरी पातळी गाठायला 2000 लागायचे. आता गणित मांडा. चौघांनी चोवीस गॉब्लिन कापले तर एकूण 120 गुण, म्हणजे प्रत्येकी 30. तेच पोतं रात्री गुपचूप पळवलं तर 250, आणि कुणाला ओरखडाही नाही. शहाणा खेळाडू काय करील? लपेल, लाच देईल, खोटं बोलेल, दोर लावून मागच्या बाजूने उतरेल. लढाई हा त्याच्या लेखी नुकसानीचा धंदा होता. मॉड्यूलमधली चोरदारं, एकमेकांचा द्वेष करणाऱ्या टोळ्या, लाचखाऊ ओगर, हे सगळं या धंद्यासाठी मांडलेलं होतं.

पाचव्या आवृत्तीत एका गॉब्लिनचे 50 गुण, सोन्याचे शून्य, आणि दुसऱ्या पातळीला फक्त 300. चौघांनी चोवीस गॉब्लिन कापले की प्रत्येकाला बरोबर 300. सगळे एकदम बढतीवर. आता त्याच गुहेत, त्याच नकाशावर, तीच माणसं सोडा. ती खोलीमागून खोली साफ करत जातील, कोबोल्डांना कुणीही विसरणार नाही, आणि तुम्ही रात्री साडेअकराला म्हणाल की हे जुनं मॉड्यूल फारच एकसुरी आहे. मॉड्यूल एकसुरी नाही. तुम्ही चोराला खाटकाच्या पगारावर ठेवलंय.

तेव्हा पहिल्याच दिवशी टेबलावर जाहीर करावं : मारण्याचे गुण नाहीत, गढीत परत आणलेल्या मालाचे आहेत. (रक्कम आपापल्या सोयीने बसवावी. नव्या पातळ्या स्वस्त आहेत, त्यामुळे दर नाण्याला एक गुण दिला तर महिनाभरात सगळे देव होतील.) एवढी एक घोषणा केली की माणसं बदलतात. जो खेळाडू नेहमी दार लाथेने उघडतो तो दाराला कान लावतो. जादूगार झोप आणणारा मंत्र मागून घेतो. कुणीतरी विचारतं, "या ओगरला आवडतं काय?" असा प्रश्न विचारला गेला की डीएमने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटावी.

याच्याच जोडीला वेळ. जुन्या नियमांत गुहेतला वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजायचे. मशाल तासभर टिकायची, सहा तुकडे. दर दोन तुकड्यांनी डीएम सहा पैलूंचा फासा टाकायचा. एक पडला की भटकता राक्षस हजर, आणि या भटक्यांच्या अंगावर फारसं सोनं नसायचं. म्हणजे रेंगाळलात की तोटा. नव्या आवृत्तीत अर्ध्याअधिक पात्रांना अंधारात दिसतं, मशाल कुणी विकत घेत नाही आणि रात्रभर झोपलं की सगळ्या जखमा भरून येतात. हे बदलायला गेलात तर खेळाडू नियमपुस्तक उघडतील आणि ती संध्याकाळ वाया जाईल. त्यापेक्षा एक सहा पैलूंचा फासा सगळ्यांना दिसेल असा मध्ये ठेवावा आणि गप्पा लांबल्या की न बोलता तो टाकावा. कशासाठी टाकला ते सांगू नये. कधीकधी खरोखरच कशासाठीही नसतो.

पायरी पाचवी : मृत्यू

सगळ्या जुन्या मॉड्यूलांत बदनाम 'टूम ऑफ हॉरर्स'. छापलं गेलं 1978 साली, पण त्याआधी 1975 मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पहिल्या 'ओरिजिन्स' संमेलनात स्पर्धेसाठी वापरलं गेलं होतं. आपली पात्रं कशालाच भीत नाहीत अशा बढाया मारणाऱ्यांची जिरवावी म्हणून गायगॅक्सने हे थडगं बांधलं. आत शिरायच्या वाटा तीन दिसतात. त्यांतल्या दोन खोट्या आणि जीवघेण्या. खऱ्या वाटेने गेलात की भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड कोरलेलं आहे, जबडा आ वासलेला, आत गच्च काळोख. त्यात जो हात घालील त्याचा हात जाईल, जो शिरेल तो नाहीसा होईल. फासा टाकायची संधी नाही, आरडाओरडा नाही. काळोख म्हणजे सर्वस्व नष्ट करणारा गोळा आहे, असं डीएमच्या पुस्तिकेत शांतपणे लिहिलेलं आहे. सोबत खेळाडूंना दाखवायला चित्रांची वेगळी पुस्तिका होती आणि त्यात ते तोंड आहे. म्हणजे लेखकाने सावध केलं नाही असं कुणी म्हणायला नको.

गायगॅक्सच्याच टेबलावर खेळणाऱ्या रॉब कुंट्झने यावर उपाय काढला होता. त्याच्या पात्राच्या पदरी ऑर्क नोकर होते. त्याने त्यांना पुढे घातलं. थडगं पार झालं. नोकरांचं काय झालं ते विचारू नये.

नवशिक्याने इथे एक लक्षात घ्यावं. त्या काळातली कितीतरी मॉड्यूलं संमेलनातल्या स्पर्धांसाठी लिहिली होती. ठरावीक तास, अनोळखी खेळाडू, गटागटांना गुण. पात्रं तिथल्या तिथे वाटलेली, मेली तर कुणाच्या घरी सुतक नाही. तुमच्या खेळाडूने मात्र आपल्या पात्राला आजी दिली आहे, आजीला गाव दिलं आहे, आणि चित्रकार मैत्रिणीकडून पात्राचं चित्रही काढून घेतलं आहे. ते पात्र सैतानाच्या तोंडात पहिल्या वीस मिनिटांत गेलं तर पुढच्या शनिवारी "ऑफिसचं काम आलं" असा मेसेज येतो.

म्हणून तोंड काढून टाकावं का? मुळीच नाही. भीती काढली तर उरतो नुसता दगड. तोंडासमोर जमिनीवर एक भाला पडलेला दाखवावा. मागचा अर्धा शाबूत. पुढचा अर्धा नाही, आणि जिथे तो संपतो तिथला छेद आरशासारखा गुळगुळीत. बाकी काही बोलू नये. एवढ्यावर समजणारे समजतात. त्यानंतरही कुणी शिरलाच तर त्याच्या आजीला कळवण्याची जबाबदारी डीएमची नाही.

पायरी सहावी : काय टाकून द्यायचं

ही पायरी गंभीर आहे, तेव्हा चहाचा कप बाजूला ठेवावा.

मघाच्या त्या घळीतल्या गुहांत लढवय्यांच्या जोडीने बायका आणि पोरंही आहेत, आकड्यांसकट. त्यांतली बरीच लढत नाहीत. मग खेळाडूंनी त्यांचं करायचं काय, हा प्रश्न कागदावर कुणी सोडवलेला नाही; टेबलावर मात्र तो हमखास येतो आणि पुढचे दोन तास खातो. गंमत म्हणून जमलेल्या माणसांना अचानक नीतिशास्त्राचा पेपर मिळतो. मी ती पोरं सरळ वगळतो, किंवा टोळ्यांना एवढं माणूसपण देतो की त्यांच्याशी बोलता येईल. दोन्ही चालतं. अर्धवट ठेवलं की चालत नाही.

'रेव्हनलॉफ्ट' या दुसऱ्या गाजलेल्या साहसाच्या बाबतीतही असंच. त्यातल्या भटक्या (पुढे 'विस्तानी' म्हणवल्या गेलेल्या) लोकांचं चित्रण युरोपातल्या रोमा समाजाबद्दलच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेलं आहे, म्हणून 2020 मध्ये खेळाच्या कंपनीलाच नव्या आवृत्तीत दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडेही भटक्या जमातींवर इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि तो कागदावरून 1952 मध्ये पुसला गेला तरी लोकांच्या नजरेतून गेलेला नाही. तेव्हा "चोरटे, शाप देणारे भटके" हे वर्णन मराठी टेबलावर वाचताना जीभ अडखळली पाहिजे. विस्तानींना ठेवावं, त्यांना घोड्यांचा व्यापार द्यावा, भांडखोर काका द्यावा, शाप कुण्या सरदाराला द्यावा.

पायरी सातवी : भर घालण्याचा मोह

मूळ 'रेव्हनलॉफ्ट' 1983 चं, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवराबायकोचं. पानं 32. एक किल्ला, एक पिशाच सरदार स्ट्राड, आणि डेव्हिड सदरलंडने तिरक्या कोनातून काढलेले किल्ल्याचे असे नकाशे की त्यांच्याकडे नुसतं बघत बसावं. त्याचंच 2016 मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' झालं. पानं 256. किल्ल्याभोवती अख्खं खोरं आलं, गावं आली, वाईन करणारं कुटुंब आलं, वेडा मठाधीश आला. काम उत्तम आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ते पगारी माणसांनी, संपादक घेऊन केलंय. तुम्ही शुक्रवारी रात्री एकटे बसून करणार आहात.

भर घालणाऱ्या डीएमचं ठरलेलं असतं. किल्लेदाराला नाव देतो, ठीक. मग त्याला भूतकाळ देतो. भूतकाळात मेलेली बायको. बायकोचा भाऊ हाच दुष्ट पुजारी. गॉब्लिनांचं पोतं मुळात तिच्या स्त्रीधनाचं. झालं, आता खेळाडूंनी हे सगळं शोधून काढलंच पाहिजे, नाहीतर तुमचा शुक्रवार फुकट. मग ते ओगरशी गप्पा मारायला बसले की तुम्ही अस्वस्थ होता, घड्याळ बघता, त्यांना देवळाकडे हाकलता. रिकाम्या जागा राहू द्याव्यात. त्या काळच्या 'इन सर्च ऑफ द अननोन' या मॉड्यूलमध्ये तर लेखक माइक कार याने खोल्यांत कोण राक्षस आणि कुठे खजिना याच्या ओळी कोऱ्याच सोडल्या होत्या, डीएमने स्वतः भराव्यात म्हणून. नवशिक्याला शिकवण्याची याहून साधी पद्धत नंतर कुणाला सुचल्याचं मला माहीत नाही.

एक मोह खास आपला असतो : गढी उचलून सह्याद्रीत आणायची. किल्लेदार आयता आहे, घळ आयती आहे, पाऊस तर आहेच. खुशाल आणावी, पण अर्धवट आणू नये. गॉब्लिनांच्या जागी खवीस आणि वेताळ बसवले की खेळाडूंना ते आधीपासून माहीत असतात. वेताळाला नारळ देऊन मोकळं व्हावं असंच कुणीही म्हणेल आणि तुमच्या तलवारीच्या लढाईला अर्थ उरणार नाही. (खरं तर ती जास्त चांगली संध्याकाळ होईल. पण मग आकड्यांची ती एक्सेल शीट वाया गेली.) जागा, हवा आणि माणसांची बोलण्याची ढब आपली घ्यावी, भुतांच्या बाबतीत गावाकडच्या नातेवाइकांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

पायरी आठवी : ज्याने आधीच वाचलंय तो

प्रत्येक गटात एक असतो. त्याने मॉड्यूल वाचलेलं असतं, त्यावरचे व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि तो शपथेवर सांगतो की आपण काही लक्षात ठेवलेलं नाही. मग पहिल्याच चौकात तो म्हणतो, "माझ्या पात्राला का कोण जाणे, डावीकडे बरं वाटत नाही."

जुनी मॉड्यूलं पुन्हा वापरायची तर ही अडचण वाढतच जाणार, कारण कंपनीच ती पुनःपुन्हा विकते आहे. 2017 च्या 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल'मध्ये सात जुनी साहसं नव्या नियमांत बसवली, त्यांत ते थडगंही आहे. 2025 मधला नवशिक्यांचा संच तर त्याच सरहद्दीवरच्या गढीवर बेतलेला आहे. जुन्या गुहांत आता रांग लागते.

हिकमन दांपत्याने यावर फार पूर्वीच तोड काढली होती. 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये सुरुवातीलाच पत्ते पिसून भविष्य सांगितलं जातं, आणि महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत, स्ट्राडला नेमकं काय हवंय, हे त्या पत्त्यांवर ठरतं. दर खेपेला किल्ला तोच, उत्तर वेगळं. हीच युक्ती गढीला लावावी. चार चिठ्ठ्या कराव्यात : गढीतला कोण फितूर आहे? चिठ्ठी उचलेपर्यंत डीएमलाही ठाऊक नसावं. मूळ पुस्तिकेत तो कोण आहे हे वाचलेला माणूस गढीत मुक्कामाला असलेल्या हसतमुख पुजाऱ्यावर तीन आठवडे पाळत ठेवतो, आणि पुजारी तीन आठवडे मनापासून पूजा करतो.

थडग्यासाठी याहून सोपं आहे. काहीही बदलू नये, फक्त त्या हिरव्या तोंडातला गोळा काढून टाकावा आणि पुढे जायची एकमेव वाट त्या जबड्यातून न्यावी. भाला तिथेच पडू द्यावा. बाकीचे खेळाडू एक काठी आत घालून बघतील, काठी शाबूत बाहेर येईल, आणि ते रांगत आत जायला लागतील. वाचलेला मात्र भिंतीला पाठ लावून उभा राहील, प्रत्येकाचा पाय धरून ओढेल, आणि हे आपल्याला कसं माहीत हे न सांगता, आत जाऊ नका म्हणून अर्धा तास वाद घालेल. तोवर चहा मागवावा.